मदत हवी आहे: मतदानाबाबत उदासीन मुलांना इतिहासातून कसे वळवावे?

नमस्कार. न्यू जर्सीतील मराठी शाळेत मी मोठ्या मुलांचा वर्ग घेते. यंदा अठरा वर्षे पूर्ण करणारी ही मुले "एका मताने काय होणार?" असे म्हणतात, तेव्हा मला फॅनी लू हेमर आठवतात. अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यात कापसाच्या मळ्यावर राबणाऱ्या कृष्णवर्णीय हेमर ३१ ऑगस्ट १९६२ रोजी बसने इंडियानोलाला मतदार नोंदणीसाठी गेल्या. तिथे त्यांना मिसिसिपी राज्याच्या घटनेतील एक कलम उतरवून त्याचा अर्थ लिहायला लावले, नापास ठरवले, आणि जिथे अठरा वर्षे काम केले त्या मळ्यातून त्याच दिवशी हाकलून दिले. भारतीयांना तर १९२३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर १९४६ पर्यंत इथले नागरिकत्वच मिळत नव्हते, आणि पुढे दहाच वर्षांनी भारतात जन्मलेले दलीप सिंग सौंद अमेरिकी संसदेवर (काँग्रेसवर) निवडून आले, हे माझ्या वर्गात एकालाही ठाऊक नव्हते.

हे ऐकताना मुले गंभीर होतात, परंतु तिथून मतदार नोंदणीपर्यंत किंवा गावातील शिक्षण मंडळाच्या बैठकीपर्यंत त्यांना कसे न्यावे, हे मला जमत नाही. कुणी त्या काळच्या चाचण्या मुलांकडून सोडवून घेतल्या आहेत का? कोणत्याही पक्षाची बाजू न घेता असे काम केलेल्यांनी आपले अनुभव कृपया कळवावेत.