राउंडची सुरुवात पार थ्रीने की शेवट पार थ्रीवर? सोलापूरच्या गोल्फवाल्यांनो, अनुभव लिहा

पुण्याला खेळायला निघालेल्या आपल्या मंडळींत टेंभुर्णीचा चहा झाला की हा वाद ठरलेला. म्हटलं, गाडीतलं भांडण एकदा लिहून काढूया.

पार थ्री म्हणजे चांगल्या खेळाडूने तीन शॉटमध्ये संपवावा असा छोटा होल; पार फोर, पार फाइव्ह त्याहून लांब. माझं मत आधीच सांगतो. शेवट पार थ्रीवर चालेल, सुरुवात नको. पार फोरवर पुढच्या चौघांचे दुसरे शॉट मारून झाले, ते लांब गेले, की मागचे टीवरून, म्हणजे होलच्या सुरुवातीच्या जागेवरून, सुटतात. पार थ्रीवर मात्र पुढच्यांचं पटिंग संपून, झेंडा परत लागून, ते ग्रीनवरून (भोकाभोवतीच्या जागेवरून) उतरेपर्यंत मागच्यांनी हाताची घडी घालून उभं राहायचं. पहिल्याच होलला हे झालं की सकाळचा उशीर दुपारपर्यंत मागच्या सगळ्यांच्या माथी. म्हणूनच बहुतेक कोर्सचा पहिला होल लांब असतो. अपवाद आहेत. ब्रिटनमध्ये द ओपन ही मोठी स्पर्धा ज्या कोर्सांवर आळीपाळीने भरते, त्यांत रॉयल लिथम अँड सेंट अ‍ॅन्स एकटंच पार थ्रीने सुरू होतं.

लिहिताना हँडिकॅप (पारपेक्षा साधारण किती शॉट जास्त लागतात तो आकडा) टाका, म्हणजे मत कुठून येतंय ते कळेल.

होटगी रोड, हँडिकॅप 22
मी या खेळात धंद्यामुळे पडलो. आपले टेरी टॉवेल घेणारा एक जुना गिऱ्हाईक लंडनजवळच्या त्याच्या क्लबात घेऊन गेला. पहिलाच होल पार थ्री, दोनशे यार्डांच्या वर, गार वारं, आणि क्लबहाउसच्या काचेआड कॉफी पीत बसलेली माणसं. पण खरं सांगू, मला बरंच वाटलं. ड्रायव्हर, सर्वांत लांब मारायची काठी, काढायचा नाही म्हणजे समोरचा किती लांब मारतो आणि मी किती, हे पहिल्या पाच मिनिटांत उघडं पडत नाही. सगळेच थोडे अलीकडे पडले, सगळ्यांनीच चिप मारली, गप्पा सुरू. माझं अर्धं लक्ष त्याच्या बॅगेवरच्या टॉवेलकडे होतं म्हणा. वॅफल विणीचा, तीन घड्यांचा, कोपऱ्यात पितळी रिंग. हातात घेऊन वजन बघितलंच मी.

विजापूर रोड, हँडिकॅप 24
शेवटच्या पार थ्रीचं कौतुक करणाऱ्यांनी स्ट्रोक इंडेक्स (होलांचा अवघडपणाचा क्रम, 1 सर्वांत अवघड) बघावा. मॅचप्लेत, म्हणजे होलागणिक हारजीत मोजतात तेव्हा, समोरचा 12 चा, मी 24 चा. फरक 12, म्हणजे इंडेक्स 1 ते 12 या होलांवर मला एकेक शॉट जादा. छोट्या होलांचा इंडेक्स बहुधा 15, 16, 17 असा खालचा. सतरा होल बरोबरीत ओढत आणायचे आणि अठराव्याला, जिथं खरी गरज, तिथं मला काहीच नाही. हा कुठला न्याय?

जुळे सोलापूर, सध्या पुण्यात, हँडिकॅप 31
वरच्या काकांशी अजिबात सहमत नाही. चारशे यार्डांच्या होलवर माझ्या टीममधल्या मुलांना ग्रीनवर जायला दोन शॉट लागतात, मला तीन, कधी चार. तिथं मिळालेला जादा शॉट रस्त्यातच संपतो. 130-140 यार्डांवर त्यांनाही एकच लागतो, मलाही एकच. शेवटचा होल तसा असेल तर त्या एका शॉटवर मी कुणालाही गाठू शकते आणि गाठलंयही.

सुरुवातीचं म्हणाल तर कंपनीच्या स्पर्धेत शॉटगन स्टार्ट असतो, सगळे गट एकाच वेळी वेगवेगळ्या होलांवरून सुटतात. नशिबात पार थ्री आला तर आला. वॉर्म-अप करून जा, एवढंच.

शेळगी
मी खेळाडू नाय, पुण्यात कॅडी होतो, सायबांची बॅग उचलायची, अंतर सांगायचं. आमच्या बाजूनं पण कोणतरी लिवायला पायजे की. पैल्या होलला ड्रायव्हर मारून बॉल झाडीत गेला तर सायेब हसतात, सकाळ हाय म्हणतात. पण पैलाच होल पार थ्री असला की विचारणार, "किती?" मी सांगणार 165. सहा नंबरची काठी दिली आणि बॉल वीस यार्ड अलीकडं पडला, की सायेब ग्रीनकडं बघत नाय, माज्याकडं बघतात. अंग गरम नसतं, बॉल जाणार कसा बे? शेवटचा छोटा होल मात्र लई झाक. बॉल हुडकायचा नाय, लांब चालायचं नाय.

सात रस्ता, हँडिकॅप 14
कॅडीचा विषय निघालाच आहे तर इयान वूझ्नम या खेळाडूचं सांगायलाच हवं. 2001 ची ओपन, लिथम, शेवटचा दिवस. पहिल्या पार थ्रीवर आयर्नने बॉल भोकाच्या अगदी जवळ टाकला, बर्डी (पारपेक्षा एक कमी). दुसऱ्या टीवर ड्रायव्हर काढायची वेळ आली तेव्हा कळलं की बॅगेत ड्रायव्हर दोन आहेत, क्लब म्हणजे काठ्या एकूण 15. परवानगी 14 ची. दोन शॉटचा दंड! पहिला होल लांब असता तर ड्रायव्हरला हात घालतानाच, खेळ सुरू व्हायच्या आधीच, उमगलं असतं आणि दंडच बसला नसता. गडी शेवटी संयुक्त तिसरा आला. अशा वेळी कॅडीच्या पोटात काय झालं असेल, ते शेळगीकरच सांगू शकतील.

शेवटच्या पार थ्रीबद्दल: अटलांटाच्या ईस्ट लेकवर टूर चॅम्पियनशिप या व्यावसायिकांच्या स्पर्धेचा शेवट पूर्वी पार थ्रीवर व्हायचा. 2016 पासून पुढचे नऊ मागे, मागचे नऊ पुढे केले. आता शेवट पार फाइव्हवर. बरोबरच केलं. दोन शॉटने मागे असलेल्याला पार फाइव्हवर ईगलची (पारपेक्षा दोन कमी) आशा तरी असते. पार थ्रीवर त्याने काय होल-इन-वनचीच वाट बघायची?

रेल्वे लाईन्स, निवृत्त फौजी
छावणीतले नऊ होलांचे कोर्स, तेच दोनदा खेळायचे. नववा तोच अठरावा. आमचा तो पार थ्री होता, आणि ग्रीन कसलं, तेल मारलेल्या वाळूचं ब्राउन. पहिल्या फेरीत त्याच होलवर काय घडलं ते डोक्यात घेऊनच दुसऱ्यांदा टीवर उभं राहायचं. त्यात खरी मजा. बाकी ईगल-बिगल टीव्हीवाल्यांसाठी.

बोरामणीकडचं शेत, हँडिकॅप नाही
तुम्ही पुण्याला जा, आमचे तीन होल इथंच आहेत. तिन्ही छोटे, त्यामुळे सुरुवात आणि शेवट हा वादच नाही. ज्वारी निघाली की मोकळ्या रानात टी, आणि जुनं खळं सारवून केलेलं ग्रीन. हरणाऱ्याने पुढच्या रविवारी कडक भाकरी आणि शेंगाचटणी आणायची. कुणाला यायचं असेल तर ऊन चढायच्या आत या आणि जुने बॉल आणा. एप्रिलपासून काळ्या रानाला भेगा पडतात. त्यात गेलेला बॉल काठीनेही निघत नाही.