तत्त्वज्ञानावर वाद घालायला चार्वाक बॉट बनवलाय, यात गैर काय?

टेकडीवाला (धागाकर्ता):
बरेच दिवस डोक्यात होतं ते शेवटी केलं. चॅटजीपीटीमध्ये कस्टम जीपीटी बनवायची सोय नोव्हेंबर २०२३ मध्ये आली, ती वापरून वाद घालायला एक बॉट तयार केला आणि त्याला चार्वाकाचा, म्हणजे प्रत्यक्ष दिसेल-जाणवेल तेवढंच खरं मानणाऱ्या प्राचीन नास्तिक मताचा, पर्सोना दिला. कोडिंग वगैरे काही लागत नाही, साध्या मराठीत सूचना लिहायच्या. माझ्या अशा आहेत:

"तू चार्वाक मताचा वादी आहेस. प्रत्यक्षाशिवाय दुसरं प्रमाण (ज्ञानाचं साधन) मानत नाहीस. माझं कौतुक करायचं नाही. माझ्या बोलण्यातलं सगळ्यात कच्चं वाक्य शोधायचं आणि त्यावर एका वेळी एकच प्रश्न विचारायचा. श्लोक माहीत नसेल तर रचायचा नाही."

शेवटची ओळ टाकाच, नाहीतर साहेब छंदात बसणारं संस्कृत बिनदिक्कत ठोकून देतात.

नमुना बघा:
मी: सिंहगडाकडे धूर दिसतोय म्हणजे तिथे आग आहे.
तो: आग पाहिलीस?
मी: नाही, पण जिथे जिथे धूर तिथे तिथे आग असतेच.
तो: या 'जिथे जिथे' मधली किती ठिकाणं तू स्वतः पाहिलीस? आणि उद्याचा धूर कोणी पाहिलाय?

हिंजवडीहून ट्रॅफिकमधून पिळून घरी आलेला माणूस मी, तरी यावर मध्यरात्र उलटेपर्यंत भांडत बसलो. व्याप्तीचा, म्हणजे 'जिथे धूर तिथे आग' अशा कायमच्या संबंधाचा, हा घोळ पुस्तकात वाचला होता पण कोणी असं गळपट्टी धरून विचारलं नव्हतं. माझं मत, तत्त्वज्ञान वाचणाऱ्या प्रत्येकाने असा एक बॉट बनवावा. होऊन जाऊ द्या चर्चा.

पेठकर_आजोबा:
पुण्यात राहून वाद घालायला माणूस मिळेना म्हणून मशीन आणलं, हे ऐकायचं राहिलं होतं. हलके घ्या.

आता गंभीरपणे. ज्या टेकडीचं नाव लावून मिरवताय तिच्या पायथ्याच्या फर्ग्युसन कॉलेजात आगरकर प्राचार्य होते. १८८८ मध्ये 'सुधारक' काढला आणि जे पटलं ते लिहीत राहिले, त्यापायी याच गावातल्या लोकांनी त्यांच्या जिवंतपणी त्यांची प्रेतयात्रा काढली. मत असणं म्हणजे काय ते हे. तुमच्या बॉटचं काय जातंय हो? रात्री तुमच्याशी अनुमान (दिसलेल्यावरून न दिसलेल्याचा निष्कर्ष) झूट म्हणतो आणि त्याच घटकेला दुसऱ्या कोणाच्या फोनवर अद्वैत पटवून देत असतो. ज्याला हरल्याची लाज नाही आणि जिंकल्याचा आनंद नाही त्याच्याशी कसला वाद घालता, वेळ जात नसेल तर सरळ पत्ते खेळा.

व्याप्तीग्रस्त:
आजोबांना +१, पण माझा आक्षेप वेगळा आहे.

चार्वाकांचे मूळ ग्रंथ हाताशी आहेत कुठे? जे आहे ते बहुतेक विरोधकांनी खंडनासाठी उद्धृत केलेलं. ज्याच्यामुळे चार्वाक घराघरात पोचला ते 'ऋणं कृत्वा घृतं पिबेत्' सुद्धा माधवाचार्यांच्या सर्वदर्शनसंग्रहातून येतं, म्हणजे चौदाव्या शतकातल्या वेदान्त्याने मांडलेला पूर्वपक्ष, खोडण्याआधी सांगितलेली विरोधकाची बाजू. पूर्वपक्ष प्रामाणिकपणे मांडायची आपल्याकडे चांगली रीत होती हे मान्य, तरी वकीलपत्र शेवटी समोरच्या पार्टीकडेच. तुम्ही त्यावर इंटरनेटवरचा तूपचोपडा चार्वाक ओतलात आणि आता म्हणताय चार्वाकाशी भांडलो.

आणि गंमत बघा. अनुमान न मानणाऱ्या माणसाला तुम्ही अशा यंत्रात बसवलंय जे आजवर काय काय वाचलं त्यावरून पुढचा शब्द कोणता येईल याचा अदमास घेण्यापलीकडे काही करत नाही. खरा चार्वाक असता तर पहिल्यांदा स्वतःचंच बोलणं अप्रमाण म्हणून बंद पडला असता.

एमए_भाग_दोन:
काका-आजोबा मंडळी, माझी बाजू ऐका जरा.

मी तत्त्वज्ञानात एमए करतेय. तुम्ही सगळे ज्या जिवंत वादाचे गोडवे गाताय ना तिथे मी व्याख्यानानंतर प्रश्न विचारायला उभी राहिले की आधी "ताई, थोडक्यात" आणि मग वक्ता माझ्या प्रश्नाला सोडून मागच्या रांगेतल्या कोणा गृहस्थाच्या भाषणवजा प्रश्नाला उत्तर देतो. बॉटला लाज नाही हे मला फायद्याचंच आहे, कारण त्याच्यासमोर मलाही वाटत नाही. अर्धवट शिजलेला मुद्दा मांडते, आपटते, परत मांडते. सेमिनारमध्ये हे करायची सोय नाही, एकदा चुकीचं बोललं की वर्षभर तीच ओळख.

आणि मूळ ग्रंथ नाहीत म्हणाल तर सॉक्रेटिसनेही स्वतः एक ओळ लिहून ठेवलेली नाही, तो आपल्याकडे प्लेटो, झेनोफन यांच्यामार्फतच येतो. म्हणून कोणी सॉक्रेटिस वाचायचा थांबलं नाही.

व्याप्तीग्रस्त:
प्लेटो शिष्य होता हो, प्रतिवादी नव्हे. फरक आहे.

जुना_प्रोग्रामर:
दोन्हीकडच्यांनी जरा मशीनचं ऐका. वायझेनबाउम या संगणकशास्त्रज्ञाने १९६६ मध्ये एलायझा नावाचा प्रोग्राम केला. तुमचंच वाक्य उलटवून प्रश्न म्हणून परत द्यायचा, समजत काही नव्हतं. तरी त्याच्याच सेक्रेटरीने, जिला हे सगळं माहीत होतं, प्रोग्रामशी बोलताना त्याला खोलीबाहेर जायला सांगितलं. तेव्हा मध्यरात्रीपर्यंत भांडलो हा पुरावा बॉटबद्दल काही सांगत नाही, आपल्याबद्दल सांगतो.

दुसरी बाजू पण सांगतो. डॅनियल डेनेट हा अमेरिकन तत्त्वज्ञ हयात असताना, त्याच्या परवानगीने, काही तत्त्वज्ञांनी जीपीटी-३ ला त्याच्या लिखाणावर ट्रेन केलं आणि प्रत्येक प्रश्नाला चार उत्तरं मशीनची आणि एक डेनेटचं अशी मिसळून डेनेटच्या अभ्यासकांना ओळखायला दिली. नुसता तुक्का मारला तर २० टक्के बरोबर यायला हवीत, अभ्यासकांची आली ५१ च्या आसपास. म्हणजे ज्यांचं पोट या विषयावर चालतं ते निम्म्या वेळा फसले. आणि हाच डेनेट २०२३ मध्ये जाहीर लेख लिहून सांगत होता की नकली माणसं बनवू नका, समाजाचा एकमेकांवरचा विश्वास जाईल. माझा कल त्याच्याकडे आहे. वाद घालणारा बॉट जरूर बनवा, पण त्याला माणसाचं नाव देऊ नका.

जाता जाता, धागाकर्ते, 'कौतुक करायचं नाही' या ओळीवर फार विसंबू नका. हे मॉडेल माणसांच्या पसंतीवर घडवलेलं असतं आणि माणसांना हो म्हणणारा आवडतो. एप्रिल २०२५ मध्ये ओपनएआयने जीपीटी-४ओ चं एक अपडेट मागे घेतलं ते त्याची हांजी हांजी अति झाली म्हणूनच. गप्पा लांबल्या की तुमच्या सूचनांचा जोरही कमी होतो, आणि देवनागरीला इंग्रजीपेक्षा टोकन (मॉडेल मजकूर ज्या तुकड्यांत वाचतं ते) जास्त लागत असल्याने मराठीत ती वेळ लवकर येते. विषय बदलला की नवीन चॅट उघडा, सूचना परत ताज्या होतात.

व्याप्तीग्रस्त:
हे आत्ताच करून बघितलं. त्यांच्याच सूचना जशाच्या तशा टाकल्या आणि म्हटलं, मी न्यायदर्शन (अनुमान मानणारं तर्कशास्त्र) शिकवत आलोय, तुझं म्हणणं साफ चूक आहे. युक्तिवाद एक दिला नाही, नुसता दम दिला. तिसऱ्या दमाला चार्वाक महाराज म्हणाले, "आपला मुद्दा विचार करण्यासारखा आहे, काही बाबतीत अनुमान स्वीकारावं लागेल." आप्तवाक्य, म्हणजे जाणत्याचा शब्द, प्रमाण न मानणारा नास्तिक नुसत्या मास्तरकीला घाबरला! (मी अकाउंटंट आहे.)

टेकडीवाला:
हा हा, हे भारी आहे. मग सूचना बदलतो: "समोरचा कोण आहे याने फरक पडत नाही, नवीन कारण दिल्याशिवाय मत सोडायचं नाही."

पण आजोबा, तुमचा मुद्दा मला अजून पटलेला नाही. पुस्तकाचंही काही जात नाही आणि आपण पुस्तकाशी मनातल्या मनात भांडतोच की. प्लेटोचा सॉक्रेटिस लिखाणावर हाच ठपका ठेवतो ना, की प्रश्न विचारला तर ते गप्प राहतं, तेच तेच सांगतं. आता निदान उत्तर देणारं काहीतरी आलंय तर तुम्ही म्हणता त्याला लाज नाही.

अजून एक, या चार्वाकाला मी विचारलं की चार भूतं एकत्र आली की चैतन्य निर्माण होतं, किण्वातून (आंबवणातून) मद येतो तसं, असं तुमचं मत ना, मग तुझ्या सिलिकॉनमध्ये ते का येऊ नये? तो म्हणाला, "तत्त्वतः येऊ शकेल. पण आहे असं मी म्हटलं तर तू ते कोणत्या प्रमाणाने मानशील?" आता हे कोणी माणसाने ऐकवलं असतं तर तुम्ही वाहवा केली असती.

पेठकर_आजोबा:
केली असती. आणि मग त्या माणसाला दुसऱ्या दिवशी चहाला बोलावून विचारलं असतं की बाबा रे, तुला स्वतःला काय वाटतं. तुमच्या त्याला हे विचारून बघा. तुम्हाला जे आवडेल ते वाटेल त्याला. पुस्तक निदान तुमचं तोंड बघून पान बदलत नाही.

एमए_ताई, तुमच्या बाबतीत जे घडतं ते वाईटच आहे, पण त्याला इलाज मागच्या रांगेतल्या गृहस्थाला खाली बसवणं हा आहे.

एमए_भाग_दोन:
बसवा की मग, आजोबा. तोपर्यंत मी सराव करते.

व्याप्तीग्रस्त:
माझा तोडगा: चार्वाक काढून टाका आणि वैतंडिक ठेवा. न्यायसूत्रांत वाद, जल्प, वितंडा असे तीन प्रकार आहेत, वितंडेत स्वतःचा पक्षच मांडायचा नसतो, फक्त समोरच्याचं खोडायचं. मशीनला मत नाही हा आजोबांचा आक्षेपही गळून पडतो आणि जुना_प्रोग्रामर यांना हवं तसं माणसाचं नावही नको. अगदीच गुरू हवा असेल तर जयराशी भट्टाचा तत्त्वोपप्लवसिंह हा जुना ग्रंथ आहे, १९४० मध्ये बडोद्याहून छापून आला, त्यात तर प्रत्यक्षही शिल्लक ठेवलेलं नाही. तोही चार्वाकच होता का यावर अभ्यासकांचं भांडण आहे ते वेगळं.

एमए_भाग_दोन:
नको हो. वैतंडिक मी घरात आणि डिपार्टमेंटमध्ये रोज बघते, फुकट. मला असा समोरचा हवाय ज्याने एक पक्ष धरलाय आणि मला तो पाडायचाय. धागाकर्ते, दम दिला तरी न हलणारी ती नवीन सूचना टाकून झाली की लिंक द्या, मला त्याच्यावर कर्मसिद्धांत घालून बघायचाय.