न घेतलेल्या कर्जाची नोटीस: उत्तर द्याच
कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका ताईंना न घेतलेल्या ॲप-कर्जाची वकिली नोटीस आलीय. काय करू, असं त्यांनी विचारलं, तर दोघांनी 'दुर्लक्ष करा' म्हटलंय. ताई, तसं अजिबात करू नका. पाकीटही जपून ठेवा. मुदत नोटीस हातात पडल्यापासून मोजतात.

उत्तर लेखीच द्या, स्पीड पोस्टाने, पोचपावतीसह. 'हे कर्ज मी घेतलेलं नाही' एवढं ठाम लिहा आणि कागद मागा: करार, केवायसीची प्रत, ओटीपी कुठल्या नंबरवर गेला, पैसे कुठल्या खात्यात जमा झाले. खरी मेख त्या खात्यातच असते. कटकट मिटवायला पाचशे रुपयेसुद्धा भरू नका, ती कर्जाची कबुली धरली जाऊ शकते.

लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, सायबर पोलिसांत आयटी कायद्याच्या कलम ६६-सी (ओळखचोरी) खाली तक्रार द्या आणि तिची प्रत उत्तराला जोडा. सिबिल, एक्स्पिरियन, इक्विफॅक्स, क्रिफ हाय मार्क या आपल्या कर्जांच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपन्या, चौघींकडूनही वर्षातून एकदा अहवाल फुकट मिळतो. चारही काढा, त्याच पॅनवर आणखी कर्जं निघू शकतात. चुकीच्या नोंदीची तक्रार ३० दिवसांत सुटली नाही तर पुढे दिवसाला १०० रुपये भरपाई आहे.

नोटीस चेक बाउन्सची, कलम १३८ ची असेल तर हातात फक्त १५ दिवस. मग थेट कसबा बावड्याला जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरण गाठा. महिलांना तिथे वकील मोफत मिळतो.