लढाईत परदेशी सैनिकाशी लग्न केलेल्या बायका सासरी पोचल्या कशा?

पंचगंगेकाठची
माझ्या आज्जीचं माहेर कोल्हापूरजवळचं वळिवडे. १९४३ ते ४८ तिथं पोलिश निर्वासितांचा कॅम्प होता, जवळपास ५००० माणसं, जास्त करून बायका-पोरं. आज्जी सांगायची, पोस्टमन दिसला की त्या हातातलं धुणं टाकून बाहेर यायच्या, कुणाचा नवरा इटलीत लढतोय कुणाचा पोरगा, आणि एक बाई पत्र नाही आलं की ओल्या हातानं तशीच पायरीवर बसून राहायची. तेच डोक्यात असतं म्हणून विचारते, इंग्लंडच्या ज्या पोरींनी तिथं तळावर आलेल्या अमेरिकन सैनिकांशी लग्नं केली त्या नवऱ्याबरोबरच गेल्या का?

रंकाळाकर
नाही ताई, नवरे आधी गेले. मुळात लग्नालाच वरच्या साहेबाची परवानगी लागायची, आणि लढाई संपल्यावर जहाजं पहिल्यांदा सैनिकांना. लंडनमध्ये या पोरींनी निदर्शनं केली, कडेवर पोरं घेऊन. २८ डिसेंबर १९४५ ला अमेरिकेनं कायदा केला तेव्हा कुठं वाट मोकळी झाली. २६ जानेवारी १९४६ ला साउथॅम्प्टनहून 'अर्जेंटिना' जहाज सुटलं, ४५२ बायका आणि १७३ पोरं. पण त्याआधी इंग्लंडमधल्याच टिडवर्थच्या छावणीत कपडे उतरवून तपासणी केली त्यांची. नव्या नवऱ्या होत्या ओ त्या, ते वाचून मला दोन दिवस चैन नव्हतं.

गांधीनगरचा पोरगा
आणि हे गोऱ्या बायकांचं झालं. अमेरिकन फौज आपल्याकडं कलकत्त्यात, आसामातही होती, पण इथल्या पोरीशी लग्न केलं तर तिला तो कायदा लागूच नव्हता कारण १९१७ पासून भारतीय माणसाला तिकडं वसायला बंदी. जुलै १९४६ ला बंदी उठली तरी कोटा वर्षाला फक्त १००, आणि बायकांसाठी वंशाची अट गेली ती जुलै १९४७ मध्ये. तोवर नवरा तिकडं, ही इकडं, शेजारपाजारचे काय काय बोलले असतील त्या पोरीला.

पंचगंगेकाठची
हे माहीतच नव्हतं दादा, बरं झालं सांगितलंत. आमच्या वळिवड्याच्या बायकांचंही तसंच, नवऱ्यांची फौज इटलीतून इंग्लंडला गेली आणि मग १९४७-४८ ला बऱ्याच जणी पोरं घेऊन तिकडं निघाल्या. त्या पायरीवरच्या बाईचं पत्र आलं का, हे मी आज्जीला कधी विचारलंच नाही.