मदत हवी आहे: उतारावर आरसी (रिमोटवर चालणारा) क्रॉलर हाताबाहेर जातो, सावकाश उतरवायचा कसा?

नमस्कार मंडळी. मी सोलापूरचा. माझ्यात आणि भाच्यात मिळून १/१० स्केलचा एक रॉक क्रॉलर आहे. चढायला गाडी जबरदस्त, उभ्या दगडाला चिकटून वर जाते. उतरताना मात्र मन मानेल तशी सुटते. ज्यांनी क्रॉलरवर हात बसवला आहे त्यांनी कृपया सविस्तर सांगावं.

गाडी अशी आहे: ५४० साइजची ३५ टर्न (तारेचे वेढे) ब्रश मोटर, १५ दातांचा पिनियन (मोटरवरचा लहान गिअर), ५६ दातांचा स्पर (त्याने फिरणारा मोठा गिअर), टू एस लिपो (दोन सेलची बॅटरी), हॉबीविंगचा १०८० स्पीड कंट्रोलर. पुढचा-मागचा दोन्ही डिफरन्शियल कायम लॉक, म्हणजे डावं-उजवं चाक एकत्रच फिरतं. वजन साधारण तीन किलो. वर भाच्याने हौसेने कॅरिअर, स्टेपनी आणि लाइटची पट्टी बसवली आहे.

आम्ही शहराबाहेरच्या एका बंद पडलेल्या खडीच्या खाणीत मालकाला विचारून चालवतो. (किल्ल्याच्या तटाजवळ किंवा नान्नजच्या माळढोक अभयारण्याकडे कुणी अशा गाड्या नेऊ नयेत, एवढं जाता जाता सांगतो.) खाणीत दोन तऱ्हेचे उतार आहेत आणि दोन्हीकडे दुखणं वेगळं आहे.

काळ्या दगडावर पकड उत्तम मिळते. तिथे ट्रिगर सोडला की गाडी जागेवर थांबायला हवी, पण ती थांबत नाही. हळूहळू सरकत राहते आणि उतार जास्त उभा असला की सरकण्याचा वेगही वाढतो. प्रोग्राम कार्ड (कंट्रोलरच्या सेटिंग बदलायचं छोटं उपकरण) लावून पाहिलं, ड्रॅग ब्रेक, म्हणजे ट्रिगर सोडल्यावर आपोआप लागणारा ब्रेक, १०० टक्क्यांवरच आहे. आणखी वाढवायला जागाच नाही.

मुरमाच्या उतारावर याच्या उलट. चाकं जाम होतात, पण गाडी तशीच घसरत खाली येते, स्टिअरिंग फिरवलं तरी ऐकत नाही. घाबरून रिव्हर्स ओढला की मागची बाजू उचलते आणि गाडी नाकावर पलटी होते.

विचारायचं हे: १०० टक्के ड्रॅग ब्रेक असूनही सरकणं साहजिक आहे का? ५५ टर्नची मोटर घेतली तर फरक पडेल का? आणि इथल्या उन्हात मोटर चटका बसेल इतकी तापते, ते या ब्रेकमुळे तर नाही ना? भाच्याला गाडी चढवण्यापेक्षा उतरवण्यातच जास्त गोडी आहे, दगडाच्या कडेवर एकेक चाक टेकवत आणायची असते त्याला. त्यामुळे हे मनापासून नीट करायचं आहे. सगळं सामान बदलण्याइतकं बजेट मात्र नाही.

प्रतिसाद १ (पुण्याहून):

सरकणं साहजिक आहे, कंट्रोलरला दोष देऊ नका. ब्रश मोटरचा ड्रॅग ब्रेक म्हणजे कंट्रोलर मोटरची दोन टोकं आतल्या आत एकमेकांना जोडतो. मोटर फिरली की ती डायनामोसारखी वीज तयार करते आणि तीच वीज मोटरला मागे ओढते. म्हणजे फिरल्याशिवाय ब्रेक नाही. पूर्ण थांबलेल्या मोटरला हा ब्रेक धरूच शकत नाही, तिथे फक्त चुंबकाची ओढ आणि गिअरचं घर्षण उरतं. म्हणून उभ्या उतारावर गाडी एका ठरावीक वेगाला येऊन सरकत राहते.

तो वेग कमी करायचा स्वस्त उपाय म्हणजे लहान पिनियन. इथे हिशोब दोनदा लागू होतो, आणि बहुतेक जण हेच विसरतात. पिनियन लहान केला की चाकाच्या त्याच वेगाला मोटर जास्त फिरते, म्हणजे ब्रेकचा जोर वाढतो, आणि तो वाढलेला जोर गिअरमधून चाकापर्यंत जाताना पुन्हा तेवढ्याच पटीने वाढतो. १५ ऐवजी १२ दात घेतले तर गिअरिंग सव्वापट होतं, पण सरकण्याचा वेग ढोबळ हिशोबाने ६४ टक्क्यांवर येतो. सपाटीवरचा सर्वाधिक वेग ८० टक्के उरेल. खाणीत तो वेग तुम्हाला लागतोच कशाला?

५५ टर्नने ट्रिगरवर हळू चालवणं सोपं जातं, ते खरं. पण त्याच आकाराच्या मोटरमध्ये टर्न वाढले की तार बारीक होते आणि रेझिस्टन्सही वाढतो. त्यामुळे ब्रेकच्या जोरात मोठा फरक पडत नाही. आधी पिनियन बदला.

जागच्या जागी खिळल्यासारखी थांबवायची असेल तर एफओसीवाली (मोटरची नेमकी स्थिती ओळखून करंट देणारी) ब्रशलेस प्रणाली लागते, उदाहरणार्थ हॉबीविंगचीच फ्युजन. ती थांबलेल्या मोटरलाही करंट देऊन धरून ठेवते. पण तुमचं बजेट पाहता ते पुढे कधीतरी.

प्रतिसाद २:

मालक, मी पण सोलापूरचाच, मोटर वाइंडिंगचं काम करतो. पिनियन आणायच्या आधी एक फुकटची तपासणी करा. मोटरच्या दोन वायरी कंट्रोलरपासून काढा, टोकाला टोक जोडा आणि गाडी हाताने ढकलून बघा. मग वायरी परत कंट्रोलरला जोडा, गाडी आणि रिमोट चालू करा, ट्रिगरला हात न लावता पुन्हा ढकला. दोन्ही वेळा सारखीच जड लागली तर कंट्रोलर त्याच्याकडून होईल तेवढा ब्रेक देतोय. वायरी एकमेकांना जोडल्यावर जास्त जड लागली तर ब्रेक पुरा लागत नाही, मग रिमोटचा थ्रॉटल ट्रिम शून्यावर आणून कॅलिब्रेशन नव्याने करा. न्यूट्रल (ट्रिगर सोडल्यावरची मधली जागा) जरा सरकला असला तरी कंट्रोलर ब्रेकवर जातच नाही. पिनियनचा ग्रब स्क्रू मोटरच्या शाफ्टच्या सपाट बाजूवरच बसलाय ना, तेही बघून घ्या. गोल भागावर आवळलेला स्क्रू ताण आला की फिरतो.

तापण्याचं म्हणाल तर ते उतारामुळे नाही. तीन किलोची गाडी दोन मीटर खाली आली तर सगळी मिळून ६० जूल ऊर्जा, त्याने मोटर कोमटही होणार नाही. चढताना चाक अडकलेलं असतं आणि तुम्ही ट्रिगर दाबून धरता, तिथे मोटर तापते. लहान पिनियनने तेही कमी होईल.

धागाकर्ता:

दोघांचेही मनापासून आभार. वायरी जोडून पाहिल्या, दोन्ही वेळा सारखीच जड लागते, म्हणजे कंट्रोलर ठीक आहे. १२ दातांचा पिनियन मागवून बसवला. मोटर पुढे सरकवून मेश (दोन गिअरच्या दातांची जुळणी) नव्याने लावावा लागला, दातांमध्ये कागदाची पट्टी धरून अंतर घेतलं. काळ्या दगडावर फरक डोळ्यांना दिसतो, पूर्वी जिथून गाडी सुटायची तिथे आता चाक कुठे टेकवायचं हे ठरवायला वेळ मिळतो. भाचा तर दगड सोडायलाच तयार नाही. मुरमाचं मात्र अजून तसंच आहे. तिथे काय करावं?

प्रतिसाद १ (पुण्याहून):

मुरमावर जास्त ब्रेकच नडतो. चाक जाम झालं की ते घसरतं, आणि घसरणाऱ्या चाकाला दिशा नसते. तिथे ट्रिगर पूर्ण सोडू नका, किंचित दाबून चाकं गाडीच्या वेगाने फिरत ठेवा. घसरायला लागली तर आणखी थोडं पुढे द्या. मन रिव्हर्सकडे धावतं, पण तेवढं टाळायचं. प्रोग्राम कार्डमध्ये ड्रॅग ब्रेक रेट म्हणून वेगळी सेटिंग आहे, ब्रेक किती झटकन लागावा ते त्यात ठरतं. ती कमी केली की ब्रेक हळुवार लागतो आणि मागची बाजू एकदम उचलत नाही.

आणि कॅरिअरवरची स्टेपनी काढा. पलटी होण्यात तिचा मोठा वाटा आहे, कारण उतारावर वरचं वजन पुढच्या चाकांच्याही पुढे झुकतं. तेवढंच वजन पितळेच्या नकलच्या (पुढचं चाक वळवणारा एक्सलच्या टोकाचा भाग) किंवा चाकातल्या रिंगच्या रूपाने एक्सलच्या उंचीला आणलं तर गाडी जास्त उभा उतार झेलते. पुढचे शॉक नाक खाली टाकताना पूर्ण दबत असतील तर थोडं जाड तेल किंवा कडक स्प्रिंग घाला.

धागाकर्ता:

स्टेपनी काढायला भाचा कुरकुर करतोय, पण ऐकेल. ड्रॅग ब्रेक रेट आज रात्रीच कमी करून ठेवतो, रविवारी पहाटे ऊन चढायच्या आत खाणीत जाऊ. १/१० ला बसणाऱ्या पितळेच्या नकल सोलापुरात कुणी लेथवर करून देतं का? वाइंडिंगवाले दादा, तुमच्या ओळखीत कुणी असेल तर सांगा, मूळ नकल मापाला घेऊन येतो.

प्रतिसाद २:

आणा की. एमआयडीसीत यंत्रमागाचे सुटे भाग करणारे आहेत, पितळेचं काम त्यांच्या रोजच्या हातातलं. फक्त बेअरिंगच्या बसणीचं माप व्हर्निअरने घेऊन लिहून आणा, आणि डावी-उजवी दोन्ही आणा, आरशातल्यासारखी उलटी असतात ती.