बेदाणा युनिटसाठी सुरक्षा सल्लागार नेमताना करारात काय लिहून घ्यावे?

प्रश्न : बेदाणा_तासगाव

नमस्कार. तासगाव तालुक्यात आमचे बेदाणा धुलाई आणि प्रतवारीचे युनिट आहे. त्याला लागूनच अमोनियावर चालणारे शीतगृह आहे. एरवी पंधरा-सोळा माणसे कामावर असतात. मात्र मार्चपासून पुढे हंगामात मुकादमामार्फत येणाऱ्या महिला धरल्या तर हा आकडा ४५ पर्यंत जातो.

यंदा एका निर्यातदाराने मालाचा सौदा करण्यापूर्वी कामगारांच्या सुरक्षेची तपासणी होईल असे कळवले, म्हणून आम्ही एका सल्लागारांना बोलावले. त्यांनी दुपारी अर्धा तास युनिट पाहिले आणि ६५,००० रुपयांत ‘पूर्ण फाइल’ करून देतो असे सांगितले. धोरणपत्र, धोक्यांचा तक्ता, प्रशिक्षणाची हजेरीपत्रके आणि आणीबाणीच्या तालमीचे फोटो असे सगळे त्यात येणार होते. हजेरीपत्रकावर बायकांच्या सह्या आम्ही घेऊन ठेवायच्या आणि तारखा ते टाकणार, असेही ठरत होते.

मागच्या हंगामात देठ काढण्याच्या यंत्रापाशी एका ताईंचा पदर शाफ्टला, म्हणजे फिरत्या दांड्याला, गुंडाळला गेला होता. शेजारच्या मुलाने धावत जाऊन स्विच पाडला, म्हणून खांदा सोलवटण्यावर निभावले. ही गोष्ट मी त्या सल्लागारांना सांगितली, तेव्हा ती नोंदवहीत नको, तपासणीला अडचण होते, एवढेच ते म्हणाले. तेव्हापासून माझे मन या व्यवहारातून उठले आहे. आमच्यासारख्या युनिटला कायदा लागू होतो का, आणि सल्लागाराला पैसे द्यायचेच झाले तर त्याच्याकडून नेमके कोणते काम लिहून घ्यावे, हे जाणकारांनी सांगावे.

उत्तर १ : निवृत्त_सुरक्षा_अधिकारी

आधी कायद्याचे पाहू. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामाची परिस्थिती संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. विजेवर प्रक्रिया होत असेल आणि मागील १२ महिन्यांतील कोणत्याही एका दिवशी २० किंवा अधिक कामगार कामावर असतील, तर ती जागा कारखाना ठरते. मुकादमाच्या बायका त्यात मोजल्या जातात. वर्षातले आठ महिने आपल्याकडे सोळाच माणसे असतात हा बचाव त्यामुळे टिकत नाही. आपल्या आकाराच्या युनिटला पूर्णवेळ सुरक्षा अधिकारी नेमण्याची सक्ती नाही; पण यंत्राला जाळी बसवण्याची, वाट मोकळी ठेवण्याची आणि अपघात कळवण्याची जबाबदारी मालकाचीच असते. ती सल्लागाराच्या नावावर करता येत नाही.

अमोनियाच्या दाबपात्रांची तपासणी करून दाखला देण्याचा अधिकार मान्यताप्राप्त ‘सक्षम व्यक्ती’लाच असतो. आपल्या सल्लागारांकडे ती मान्यता नसेल तर तो दाखला वेगळा घ्यावा लागेल, हे त्यांना आजच विचारून घ्यावे.

आता कराराविषयी. मी तीस वर्षे कारखान्यांत काढली. अपघात बहुधा पाहुण्यांच्या वेळेत होत नाहीत; ते यंत्र धुताना, अडकलेला माल काढताना, पट्टा बदलताना आणि हंगामाच्या पहिल्या आठवड्यात नवखी माणसे कामावर असताना होतात. म्हणून करारात भेटींची संख्या लिहिण्याऐवजी भेटीची वेळ लिहून घ्यावी. एक भेट दिवसअखेरची यंत्रांची धुलाई सुरू झाल्यापासून ती संपेपर्यंतची असावी, एक नव्या टोळीच्या पहिल्या दिवसाची असावी आणि एक शीतगृहाच्या देखभालीच्या दिवशीची असावी. प्रत्येक भेटीनंतर, काय पाहिले, काय बदलायचे, कोण बदलणार आणि कोणत्या तारखेपर्यंत, हे सल्लागारांनी स्वतःच्या सहीने द्यावे आणि पुढच्या भेटीत आधीच्या मुद्द्यांचे काय झाले ते तपासावे. निम्मी रक्कम या फेरतपासणीनंतरच द्यावी. सुरक्षा परीक्षणासाठी आयएस १४४८९ हे भारतीय मानक उपलब्ध आहे. अहवाल त्या धर्तीवर मागितला तर आलेल्या माणसाला काम येते की नाही ते तिथेच कळते.

पदराची घटना नोंदवहीत पहिल्या पानावर लिहा. जे सल्लागार ती लपवायला सांगतात त्यांना तिथेच नमस्कार करावा. बरे, ‘पदर खोचून काम करा’ अशी पाटी लावून हा प्रश्न सुटत नाही. साडीवर घालायला मागून बांधायचा, बाह्यांचा, अंगाबरोबरचा ॲप्रन द्यावा, वेणी टोपीच्या आत घ्यावी आणि मुख्य म्हणजे फिरता शाफ्ट दोन्ही बाजूंनी पूर्ण झाकावा. चालत्या भागापासून इजा होण्याचा धोका असेल तर स्त्रियांकडून चालू यंत्राची सफाई किंवा तेलपाणी करून घेण्यास १९४८ च्या कारखाने अधिनियमातच मनाई होती. जाळी पान्याशिवाय निघू नये, आणि यंत्रात हात घालायचा असेल तेव्हा मेन स्विचला कुलूप लावून किल्ली हात घालणाऱ्याच्याच खिशात असावी. स्विचपाशी कोणाला तरी उभे करणे हा पर्याय नव्हे, कारण तो माणूस चहाला जातो.

उत्तर २ : शीतगृह_मेकॅनिक

अमोनियाबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण बहुतेक सल्लागार कॉम्प्रेसरच्या खोलीत दारापासूनच डोकावून परततात.

माझ्या अनुभवात गळतीची सर्वांत धोक्याची वेळ म्हणजे तेल काढण्याची. रिसीव्हरच्या, म्हणजे द्रव अमोनियाच्या टाकीच्या, तळाशी साचलेले कॉम्प्रेसरचे तेल घट्ट असते आणि व्हॉल्व्ह उघडला तरी हळूहळू थेंब थेंब येते. माणूस कंटाळून व्हॉल्व्ह थोडा जास्त उघडतो, बादली खाली ठेवतो आणि दुसऱ्या कामाला लागतो. तेल संपले की त्यामागचा द्रव अमोनिया एकदम बाहेर येतो, आणि तोवर व्हॉल्व्हपर्यंत परत पोचण्याची सोय राहिलेली नसते. यासाठी हात सोडताच आपोआप मिटणारा स्प्रिंगचा व्हॉल्व्ह मिळतो. तो नेहमीच्या व्हॉल्व्हच्या पुढे बसवावा. तार बांधून तो उघडा ठेवलेलाही मी पाहिला आहे. त्यामुळे सल्लागारांनी हे काम प्रत्यक्ष होताना पाहावे, कागदावरची पद्धत वाचू नये.

अमोनियासाठी आठ तासांची मर्यादा २५ पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत २५ भाग) आणि थोड्या वेळाची ३५ पीपीएम धरतात. ३०० पीपीएमला जीवाला तातडीचा धोका मानतात. त्याचा उग्र वास त्याच्या बऱ्याच आधी येतो. पण रोज त्यातच वावरणाऱ्याला तो जाणवेनासा होतो. म्हणून खोलीत मोजणारा सेन्सर हवा. जोडांची रोजची पाहणी आम्ही गंधकाची वात पेटवून करतो. गळती असेल तिथे दाट पांढरा धूर धरतो. बेदाण्याला गंधकाची धुरी देतात, त्यामुळे आपल्या गावात गंधक तर घरचेच आहे.

डब्याचा (हवा गाळून देणारा) मास्क आणि पाठीवर हवेचे सिलिंडर असलेला संच यांतला फरक सर्वांना कळला पाहिजे. मोठ्या गळतीत डब्याचा मास्क फक्त बाहेर पळण्यापुरता असतो. तो लावून आत शिरू नये. द्रव अमोनिया जमिनीवर साचला असेल तर त्यावर थेट पाणी मारू नये, कारण त्याने वायू आणखी जोराने उठतो. पाण्याचा फवारा हवेत पसरलेल्या वायूवर धरायचा असतो. छपरावर वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी लावावी आणि पळायचे ते वाऱ्याला आडवे, हे प्रत्येकीला माहीत असावे. शीतखोलीचे दार आतून उघडते का, हे स्वतः आत जाऊन पाहावे. बाहेर मात्र कोणाला तरी उभे करून.

उत्तर ३ : आमरस_रत्नागिरी

आमचा आंब्याच्या पल्पचा छोटा कारखाना आहे. आम्हीही आधी फाइलच घेतली होती. अन्नसुरक्षेची कागदपत्रे आणि कामगारांची सुरक्षा यांत आमची गल्लत झाली होती. टोपी, हातमोजे, धुतलेली फरशी हे सारे रसासाठी असते. तीच ओली फरशी बायकांना पाडते आणि तेच हातमोजे फिरत्या रोलरजवळ हाताला आत ओढतात, हे दुसऱ्या सल्लागारबाईंनी दाखवून दिले. त्या रात्री दहा वाजता आल्या, गमबूट घालून धुलाई संपेपर्यंत थांबल्या आणि पहिला प्रश्न सांडपाण्याच्या जमिनीखालच्या टाकीबद्दल विचारला.

आपल्या बेदाण्याच्या धुवणातही साखर असते, म्हणून लिहिते. असे पाणी टाकीत कुजले की हायड्रोजन सल्फाइड आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतात. दोन्ही हवेपेक्षा जड असल्याने तळाशी बसतात. सल्फाइडचा सडक्या अंड्यांचा वास सुमारे १०० पीपीएमच्या पुढे नाकाला जाणवेनासा होतो. वास गेला म्हणजे हवा स्वच्छ झाली असे समजून माणूस उतरतो, तो पडला की दुसरा त्याला काढायला उतरतो. आमच्याकडे पंपात चोथा अडकला की एक मुलगा शिडीने खाली जात असे. तीन हंगाम काही झाले नाही, हे आमचे नशीब. आता पंप साखळीने वर ओढता येईल असा बसवला आहे आणि झाकणाला कुलूप आहे. खर्च त्या फाइलपेक्षा कमी आला.

उत्तर ४ : सांगलीकर_अमेरिका

मी येथे अन्नप्रक्रिया उद्योगात आहे. येथे लहान उद्योगांना सरकारतर्फे सुरक्षेचा सल्ला मोफत मिळतो. सल्ला देणारे आणि दंड करणारे वेगळे असतात, मात्र सापडलेला गंभीर धोका मालकाला ठरलेल्या मुदतीत दूर करावाच लागतो. आपल्याकडे अशी सोय नीट रुजली तर नोंदी लपवण्याचे कारणच उरणार नाही, असे मला वाटते.

एक विचारावेसे वाटते. बेदाणा चोरीला जातो म्हणून रात्रपाळीला बाहेरून कुलूप घालता का? नॉर्थ कॅरोलिनातील हॅम्लेट गावी ३ सप्टेंबर १९९१ रोजी कोंबडीच्या मांसावर प्रक्रिया करणाऱ्या कारखान्यात आग लागली, दारे कुलूपबंद होती आणि २५ जण गेले.

बेदाणा_तासगाव

सर्वांचे आभार. मागच्या दाराला कुलूप होते. काल ते काढले आणि आतून ढकलताच उघडणारी दांडी सुताराला नव्हे, फॅब्रिकेटरला सांगितली आहे. पहिल्या सल्लागारांना रात्री धुलाईच्या वेळी येण्याविषयी विचारले, तर ते त्यांच्या ‘पॅकेज’मध्ये बसत नाही असे उत्तर आले. दुसऱ्या एकांशी तीन भेटींचे आणि निम्मी रक्कम मागाहून देण्याचे बोलणे झाले आहे.

एक अडचण उरते. आमच्या बायका किलोवर काम करतात. तालमीला तासभर थांबवले तर त्यांचा रोज बुडतो, म्हणून मुकादम कुरकुर करतो. जाळीमुळे यंत्राचा वेग कमी झाला तर त्याच ती काढायला सांगतील, हीही भीती आहे.

निवृत्त_सुरक्षा_अधिकारी

तालमीचा तास हा कामाचाच तास असतो. त्या दिवसाची सरासरी काढून त्या तासाची मजुरी मुकादमाच्या हाती न देता थेट त्यांच्याच हाती द्यावी. जाळीचे माप घेताना फॅब्रिकेटरसोबत यंत्रावर बसणाऱ्या दोघींना उभे करावे. माल कुठे अडकतो ते त्यांना ठाऊक असते, तिथे सरकती झडप ठेवली म्हणजे वेग फारसा घटत नाही.