बाबांचे पाय उंबरठ्यावर खिळतात. पाठीतल्या यंत्राचा उपयोग होईल का?

कराडची_लेक

नमस्कार. माझ्या बाबांचे वय 71 आहे आणि त्यांना पार्किन्सन्सचे निदान होऊन अकरा वर्षे झाली. हाताचा कंप गोळ्यांनी बराच आटोक्यात आहे. मात्र गेल्या दीड वर्षापासून चालताना त्यांचे पाय मध्येच खिळतात. स्वयंपाकघरातून माजघरात येताना ते उंबरठ्याशी थांबतात, टाचा उचललेल्या असतात, गुडघे थरथरतात, अंग पुढे झुकते आणि पाऊल काही केल्या उचलत नाही. नवल असे की माडीचा जिना ते कठड्याला धरून न अडखळता चढतात. मागच्या महिन्यात न्हाणीघरात वळताना ते पडले आणि मनगटाला प्लास्टर घालावे लागले. तेव्हापासून आई त्यांना क्षणभरही एकटे सोडत नाही.

एका नातेवाइकांनी चित्रफीत पाठवली आहे. तिच्यात फ्रान्समधील एक गृहस्थ पाठीत बसवलेल्या यंत्राच्या साहाय्याने सरळ, मोकळेपणी चालताना दिसतात. बाबांनी ती चार वेळा पाहिली आणि "आपल्याला जमेल का, एकदा विचार" एवढेच म्हणाले. शिवाय इथल्या एका दवाखान्याने "नसांना करंट देण्याच्या" वीस बैठकांचे पैसे आगाऊ भरायला सांगितले आहेत. डीबीएस (डीप ब्रेन स्टिम्युलेशन, म्हणजे मेंदूत तारा बसवण्याची शस्त्रक्रिया), पाठीचे यंत्र आणि हा करंट एकच आहे का? कृपया माहितगारांनी सांगावे.

निवृत्त_शरीरक्रिया_शिक्षक

ताई, ही तिन्ही वेगवेगळी आहेत, आणि त्यांची गल्लत झाली की पैसा आणि आशा दोन्ही चुकीच्या ठिकाणी खर्च होतात, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

डीबीएसमध्ये मेंदूच्या आत खोलवर बारीक तारा बसवतात आणि छातीच्या कातडीखाली बॅटरी ठेवतात. फ्रान्समधील ग्रेनोबल येथे मेंदूचे शल्यविशारद आलिम-लुई बेनाबिद यांनी 1987 मध्ये ही पद्धत रुजवली, आणि आज ती प्रस्थापित उपचार म्हणून मुंबई-पुण्यातही होते. कंप, ताठरपणा आणि औषधाच्या असरातले चढउतार यांवर ती चांगली चालते. पाय खिळण्याचे तसे नाही. ढोबळ नियम असा की कंप सोडला, तर जे लक्षण लेव्होडोपाच्या (पार्किन्सन्सवरील मुख्य औषधाच्या) गोळीने सुधारते तेच डीबीएसने सुधारते. गोळीचा पूर्ण असर असतानाही पाय खिळत असतील, तर मेंदूतल्या तारांकडून फार अपेक्षा धरता येत नाही.

आपण पाहिलेली चित्रफीत बहुधा मार्क यांची असावी, जे बोर्दोजवळ राहतात. त्यांचे डीबीएस 2004 मध्येच झाले होते, तरी पुढे चालणे बिघडत गेले. स्वित्झर्लंडमधील लोझान येथील संशोधक ग्रेगवार कूर्तीन आणि जोसलिन ब्लोक यांच्या चमूने त्यांच्या कमरेच्या भागात, मज्जारज्जूच्या आवरणावर इलेक्ट्रोड बसवले. दोन्ही पायांवरचे संवेदक हालचालीचा अंदाज घेतात आणि ज्या क्षणी जो स्नायू आकुंचन पावायला हवा, त्या क्षणी त्या स्नायूकडे जाणाऱ्या नसांच्या मुळांना विद्युत उद्दीपन मिळते. मेंदूचा निरोप पोहोचत नाही, तिथे यंत्र पावलांची लय लावून देते. नोव्हेंबर 2023 मध्ये हे 'नेचर मेडिसिन'मध्ये प्रसिद्ध झाले, आणि तोपर्यंत मार्क ते यंत्र दिवसाचे सुमारे आठ तास वापरत होते. हे काम मला मनापासून मोलाचे वाटते. पण त्या लेखातला रुग्ण एकच होता, हे बाबांना आजच सांगा. हा उपचार विकत घेण्याजोगा झालेला नाही.

त्याच्या आधी कॅनडात, ऑन्टारिओतील लंडन येथे मंदार जोग आणि सहकाऱ्यांनी दुखण्यासाठी वापरले जाणारे साधे मज्जारज्जू-उद्दीपक पाच रुग्णांना बसवून पाहिले. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात पाय खिळणे कमी झाले आणि पावले लांब पडू लागली, पण तो प्राथमिक अभ्यास होता. अडचण मोठी आहे ती अशी की पार्किन्सन्समध्ये नुसत्या विश्वासानेही मेंदूत डोपामिन (या आजारात कमी पडणारे रसायन) स्रवते, हे 2001 मध्ये व्हँकूव्हरच्या संशोधकांनी दाखवून दिले आहे. त्यामुळे खोट्या उद्दीपनाशी तुलना केल्याखेरीज यंत्राचे श्रेय किती आणि आशेचे किती, हे ठरवता येत नाही. आणि पाठीत मुंग्या आल्या की यंत्र चालू आहे हे रुग्णाला लगेच कळते, म्हणून अशी तुलनाही अवघड होते.

तिसरा प्रकार, म्हणजे नसांना करंट देणे. त्यातला अभ्यासला गेलेला एक उपाय कातडीवरून मानेतील व्हेगस नसेला (मेंदूतून छाती-पोटाकडे जाणाऱ्या नसेला) दिल्या जाणाऱ्या उद्दीपनाचा. पाय खिळणाऱ्या रुग्णांवर त्याचा खोट्या यंत्राशी तुलना करणारा अभ्यास कोलकात्यात झाला असून 2021 मध्ये प्रसिद्ध झालेले त्याचे निष्कर्ष उत्साहवर्धक होते. तरी तो लहान अभ्यास आहे. तुमच्या दवाखान्याने कोणत्या नसेला, किती वारंवारतेचा प्रवाह, कोणत्या आधारावर देणार हे लेखी दिले नाही, तर पैसे भरू नका, असे मी स्पष्टपणे सांगेन.

तारा_बसवलेला

माझे डीबीएस नऊ वर्षांपूर्वी झाले. कंप गेला आणि मी पुन्हा स्वतःच्या हाताने सही करू लागलो. पाय खिळणे मात्र तीन वर्षांनी सुरू झाले. डॉक्टरांनी तारांतून जाणाऱ्या उद्दीपनाची वारंवारता 130 हर्ट्झवरून 60 वर आणून पाहिली. चालणे सुधारले, पण कंप थोडा परतला, म्हणून आम्ही मधला मार्ग काढला. ज्यांचे डीबीएस आधीच झाले आहे त्यांनी ही फेरजुळणी जरूर विचारावी, कारण तिला नवी शस्त्रक्रिया लागत नाही.

फिजिओ_नाशिक

ताई, जिना चढता येतो पण उंबरठा ओलांडता येत नाही, हीच आपल्या हातातली किल्ली आहे. पायरी डोळ्यांना दिसते, ती पाऊल मागते, आणि मेंदू बिघडलेल्या आपोआप चालण्याच्या वाटेऐवजी जाणीवपूर्वक चालण्याची वाट धरतो. सपाट फरशीवर ती पायरी आपण काढून द्यायची. उंबरठ्याच्या अलीकडे आणि पलीकडे, बाबांच्या मोकळ्या पावलाच्या अंतरावर, फरशीच्या रंगापासून उठून दिसणाऱ्या चिकटपट्टीचे आडवे पट्टे लावा आणि "पट्टा ओलांडा" एवढेच सांगा. पाय खिळला असताना मागून ढकलू नये किंवा हात ओढू नये. थांबावे, वजन डावीकडे-उजवीकडे तोलावे आणि मगच मोठे पाऊल टाकावे. न्हाणीघरात जागच्या जागी गर्रकन वळण्याऐवजी छोटा अर्धगोल घेऊन वळायला शिकवा आणि भिंतीला पकडदांडा बसवून घ्या.

दुसरे, खिळणे गोळीचा असर उतरल्यावर होते की असर असतानाही होते, हे आधी ठरवा, कारण पुढचा सगळा उपचार त्यावर अवलंबून आहे. दोन्ही वेळचे चित्रीकरण न्यूरोलॉजिस्टना दाखवा. गोळी जेवणाआधी अर्धा तास घेतली जाते की डाळ-उसळीच्या भरल्या ताटाबरोबर, हेही लिहून ठेवा. प्रथिने लेव्होडोपाच्या शोषणात आड येतात. गोळ्यांच्या वेळा मात्र स्वतःहून बदलू नका.

कराडची_लेक

सर्वांची मनापासून आभारी आहे. रविवारी भावाने चिकटपट्टीचे चार पट्टे लावले. पहिल्या दोन खेपांना बाबा तसेच थांबले. तिसऱ्या खेपेला त्यांनी खाली पाहिले, थोडे डोलले आणि उंबरठा ओलांडून आले. आई दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती, ती काहीच बोलली नाही.

चार दिवस नोंद ठेवल्यावर दिसले की दहापैकी आठ वेळा पाय दुपारच्या गोळीच्या आधीच्या तासाभरात खिळतात. चित्रफीत मोबाइलवर घेतली आहे आणि पुढच्या गुरुवारी न्यूरोलॉजिस्टची वेळ मिळाली आहे. दवाखान्याला लेखी माहिती मागितली. त्यांनी फक्त दरपत्रक पाठवले, म्हणून तो विषय सोडून दिला. मार्क यांच्याबद्दल बाबांना सविस्तर सांगितले. ते म्हणाले, त्यांचे पुढे काय झाले ते कळले की मला वाचून दाखव.